दाबलेलं बटण

संग्रहालयात एक जुना रणगाडा एका बाजूनं कापून ठेवलाय, आत युद्धातला हिरवा लोखंडी रेडिओ दिसतो. आमचे हे पण रणगाड्यातच रेडिओवर असतात, आत्ता सीमेवर आहेत, म्हणून मी बाळाला कडेवर घेतलं आणि गेले, म्हटलं त्यांची बसायची जागा तरी कळेल.

तिथले म्हातारे मामा पूर्वी फौजेत होते. हसत हसत सांगत होते, "माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. सगळ्या गाड्यांची लाइन एकच. एकानं दाबून धरलं की बाकीचे मुके."

मी विचारलं, "आणि सोडलंच नाही तर?"

"आमच्यातल्या एकानं नाही सोडलं. गाडी पेटली, मूठ तशीच आवळलेली. शेवटपर्यंत ऐकलं आम्ही त्याला. गप बस म्हणायचीसुद्धा सोय नव्हती, पोरी."

मला वाटलं, माझं काय वेगळं आहे. फोनवर आमचे हेच बोलतात, सगळं बरंय म्हणतात, आणि पुढं जाऊ नका म्हणायची सोय मला कुठंय.

मामांनी माइक बाळाच्या हातात दिला. "खेळू दे, मेलेलाय तो."

बाळानं बटण दाबलं, हसलं, आणि सोडेचना. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली, इतक्या जोरात की ते कळवळून रडलं.

"अगं, बंद आहे तो," मामा म्हणाले.

ते मला माहीत होतं. तरी बाळ रडत होतं आणि मी त्या डब्याला कान लावून उभी होते.