शिंप्याचा गाऊन

अकरा वर्षं शहराची बस हाकणाऱ्या बाईला सहसा कशाचं नवल वाटत नाही. ते लांबलचक धूड ती अरुंद बोळातून असं वळवायची, की बघणारे तोंडात बोटं घालायचे. पण घरातल्या सात महिन्यांच्या पिटुकलीपुढे तिचं काही चालेना. पोरगी आईशिवाय कुणाच्या हातून दूध म्हणून पिईना.

रजा रविवारी संपत होती. सोमवारी हजर झाली नाही, तर नोकरीवर पाणी सोडायचं, असं डेपोतून स्पष्ट कळवलं होतं.

लेक व्हायच्या आधीच नवराबायकोचं ठरलं होतं. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. "तू गाडी सांभाळ, मी पोर सांभाळतो," असं तो म्हणाला होता, तेही ओठांत पाच टाचण्या धरून. बाकी गडी महालाजाळू. बायकोचे कपडे वाळत घालायचे, तर तो मागच्या दोरीवर चादरीच्या आड घालायचा. पण घालायचा, हे मात्र खरं.

आता चार दिवसांत बाटली झाली, वाटी-चमचा झाला. पिटुकली ओठ घट्ट मिटायची आणि घर डोक्यावर घ्यायची. सासूबाईंनीही हात टेकले. "अरे, बाप्यांचं काम आहे का हे? तिला आईच लागणार," त्या लेकाला म्हणाल्या.

शिंप्याने ते मनाला लावून घेतलं. पिताना लेक आईच्या गाऊनमध्ये नाक खुपसते, हे त्याने हेरलं होतं. शनिवारी त्याने बायकोचा जुना फुलाफुलांचा गाऊन उचलला, दोन्ही बाजू उसवल्या, पट्ट्या घातल्या आणि आपल्या मापाचा केला. संध्याकाळी तो अंगात घालून मोठ्या ऐटीत लेकीला मांडीवर घेतलं. तिने हुंगलं, बापाकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला, की सासूबाई हातातलं टाकून धावत आल्या.

बायकोने गाऊन नाकाला लावला. नुसता साबणाचा वास.

"अहो, धुतलात की काय?"

"मग? न धुता कात्री कशी लावणार? कापड मागाहून आटतं ना!"

वीस वर्षांची सवय, जाणार कुठे! ती कपाळाला हात लावून हसत सुटली, आणि हसता हसता तिला रडू आलं. हातात एकच दिवस होता.

रविवारी तिने तो ढगळ झालेला गाऊन स्वतः घातला. त्यातच स्वयंपाक केला, फरशी पुसली, घाम गाळला, लेकीला पाजलं, थोपटलं. सोमवारी पहाटे तो काढून शिलाई मशीनवर ठेवला आणि खाकी चढवली.

"मागच्या खोलीत दार लावून बसा. कुणी बघणार नाही."

"आणि गिऱ्हाईक कोण बघणार?" शिंपी पुटपुटला.

पहिल्या दोन फेऱ्या तिचा जीव टांगणीला लागला होता. हात स्टिअरिंगवर, कान घरी. नऊच्या फेरीला बस नेमकी दुकानासमोरच्या सिग्नलला थांबली. तिने मान वळवली.

दुकानाचं दार सताड उघडं होतं. दारातच स्टुलावर तिचा नवरा फुलाफुलांचा गाऊन घालून बसला होता. समोर दोन गिऱ्हाईकं, त्यातलं एक हसून हसून वाकलेलं. शिंप्याचे कान लालबुंद, पण तो जागचा हलत नव्हता. कारण मांडीवरची पिटुकली गाऊनमध्ये नाक खुपसून बाटली ओढत होती. बाटली अर्धी झाली होती.

बाईचा ऊर भरून आला. चादरीआड कपडे वाळत घालणारा हा माणूस! एवढं धाडस त्याने आणलं कुठून, तिला कळेना. बोळातून बस वळवणं म्हणजे तिला एकदम पोरखेळ वाटला.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिची गाडी चौकात बंद पडली.

कंडक्टर खिडकीतून वाकून बघत होता. "अहो बाई, ते बघा! बायकांचा गाऊन घालून बसलाय. कोण हा नमुना?"

तिने बाहीने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

"माझा नवरा," ती म्हणाली. "तुम्ही तिकिटं फाडा."