ज्याचं दार जिकडे, त्याचा वॉर्ड तिकडे

झाशीत वस्ती वाढली की वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखतात. इथे त्याला परिसीमन म्हणतात. मी या कामावर दोनदा बसलोय. नकाशे कपाटात जातात हो, पण किस्से डोक्यातून जात नाहीत! बायको म्हणते, "पेन्शनच्या फॉर्मवरही हेच लिहाल!"

आमचे तिवारीसाहेब भारी काटेकोर. नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. कोणी तक्रार केली की प्रत्यक्ष जागेवर जायला खुर्ची मागे सरकवून उभे. "चलिए, मौक़े पर देखते हैं!"

*

बबीन्याच्या रस्त्याला नकाशात एक तलाव होता. जाऊन बघतो तर गल्ल्या, दुकानं, दोन ब्युटी पार्लर! मी एका गृहस्थांना विचारलं, "भैया, यहाँ तालाब था न?"

"था नहीं, है! बरसात में आइए, दिखा देंगे."

*

जुन्या कागदात बडा बाजारामागची हद्द लिहिली होती, 'नीम के पेड़ से हलवाई की दुकान तक'. हलवाई सापडला, पण कडुनिंब गायब. तीन म्हाताऱ्यांनी तीन जागा दाखवल्या आणि भांडायला लागले. तासाभराने हलवाई कढईतून मान वर काढून म्हणाला, "साहब, पेड़ तो कब का इसी भट्टी में गया!"

*

एका पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, स्वतःचंच घर त्याच्या वॉर्डाबाहेर गेलं. नियम साधा आहे. मुख्य दार ज्या बाजूला उघडतं, त्या वॉर्डात घर. पार्षद म्हणाले, "पीछे भी तो दरवाज़ा है!" साहेब बघायला गेले. मागच्या दारात दोन म्हशी रवंथ करत होत्या.

"ठीक है," साहेब म्हणाले. "भैंसें आपके वार्ड में, आप उस वार्ड में."

*

मग माझीच पाळी आली. आमच्या गल्लीत दहा मराठी घरं. अकरावं आत्याचं, पण त्याची पाठ गल्लीला आणि तोंड मोठ्या रस्त्याला. नव्या हद्दीत आत्या एकटी पलीकडे गेली. रेघ मारणारा मी!

"मुडद्या," आत्या म्हणाली, "मतदानाला आम्ही सगळ्याजणी मिळून जातो. या गावात तेवढी एकच रांग मराठीत बोलते. आता मी परक्या रांगेत तोंड शिवून उभी राहू?"

मला फार वाईट वाटलं. मी दाराचा नियम सांगितला. तिने डोळे बारीक केले. "दाराचंच ना?"

तिने हरकतीचा अर्ज दिला, तोही मराठीत. सुनावणीत साहेबांनी तो मलाच वाचायला लावला. 'ही रेघ माझ्या भाच्याने मारली आहे. त्याला लहानपणापासून सरळ रेघ येत नाही. शाळेत मास्तरांनी...' असं पानभर!

मी म्हणालो, "माताजी पुनर्विचार चाहती हैं."

साहेब कागदाकडे बघत राहिले. "इतने लंबे काग़ज़ में बस इतना ही? चलिए, मौक़े पर देखते हैं."

*

आठवड्याने आम्ही गेलो. रस्त्याच्या बाजूला दारच नाही! सरळ सपाट भिंत. वळसा घालून गल्लीत आलो, तर आत्या दारात उभी. तोरण, रांगोळी, सगळं. "आइए साहबजी!"

आम्ही स्वयंपाकघरातून शिरून बैठकीत पोहोचलो.

"माताजी, मुख्य दरवाज़ा यही है?"

"हमारे ब्याह से यही है!"

मला घाम फुटला. साहेबांनी नकाशा उलगडताना रस्त्याकडच्या भिंतीला हात टेकला आणि उचलला. ओल्या प्लास्टरमध्ये पाचही बोटं उमटली होती.

आत्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबांनी हात धुतले, दोन चकल्या खाल्ल्या आणि फाइलवर लिहिलं, 'मौक़े पर देखा. दरवाज़ा पुराना है.'

भिंतीला नंतर रंग लागला, पण तेवढी जागा सोडून. मतदानाला निघताना आत्या त्या पाच बोटांना हळदकुंकू लावते.