दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर

माझी लेक रोह्याला दिली. त्यामुळे माझी नात रोह्याच्या आजीच्या घरात वाढली आणि माझ्याकडे पेणला पाहुणी म्हणून आली. माझं सगळं दुखणं एवढंच होतं. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून वेळ होता.

जळण्याची सवय जुनीच. नवी नवरी असताना जावेने पितळी स्टोव्ह घेतला, तर मी आठ दिवस मुद्दाम ओली लाकडं चुलीत घालून सगळ्या घरात धूर केला होता. स्टोव्ह काही बंद पडला नाही, माझेच डोळे सुजले. तीच बाई चाळीस वर्षांनी विहिणीवर जळायला बसली. फरक एवढाच की आता चष्मा होता.

झालं असं, जावई डोलवीला कंपनीत आहे. बोनस मिळाला तेव्हा त्याने मुलीला टीव्हीवर खेळायचा गेम आणला. जेवणाच्या डब्याएवढी पेटी आणि दोन कंट्रोलर. एक नातीचा, दुसरा बापाचा. पण बाप कायम शिफ्टला. तेव्हा दुसरा कंट्रोलर विहीणबाईंनी उचलला. नात तेव्हा नऊ वर्षांची. फोनवर माझ्याशी बोलायची ते सगळं त्यावरच. रोह्याच्या आजीने आज अस्वल झाडावर चढवलं. रोह्याची आजी आज नदीत पडली. रोह्याची आजी हसून हसून खाटेवरून खाली आली. मी इकडे हूं हूं करत भाकरी करपवत होते.

मे महिन्यात नात पंधरा दिवसांसाठी आली. पेणच्या अलीकडचं कासू स्टेशन गेलं की तिचा फोन यायचा, आजी, चहा ठेव. मी चहा ठेवला, आंबे कापले, सांदणं केली. तिने दप्तरातून गेमची पेटी काढून आमच्या टीव्हीला जोडली आणि एकच कंट्रोलर बाहेर काढला. दुसरा कुठे, विचारलं तर म्हणाली, तो रोह्याच्या आजीचा आहे. ती देत नाय कुणाला.

खेळ साधा होता. दोन अस्वलं, नदीवर पूल. एकाने दोर धरून उभं राहायचं, तेवढ्यात दुसऱ्याने पलीकडे जायचं. एकट्याला काही जमत नाही. नातीचं अस्वल चार दिवस अलीकडच्या काठावर बसून राहिलं, आणि नातही तशीच. पाचव्या दिवशी तिने आईला फोन केला, मला घरी यायचंय. माझी सांदणं फ्रिजमध्येच राहिली. न्यायला आलेल्या लेकीबरोबर तिला गाडीत बसवून येताना मी स्टेशनपासून घरापर्यंत मनातल्या मनात विहिणीशी भांडत आले, आणि सगळी भांडणं जिंकले.

दिवाळीच्या सुट्टीत तरी ती टिकली पाहिजे होती. गणपती झाले, मूर्तींच्या कारखान्यातलं माझं काम संपलं, तशी मी बाजारात मोबाईलच्या दुकानात गेले. लेकीकडून गेमच्या पेटीचा फोटो मागवला होता, तो दुकानदाराला दाखवला. त्याने आधी अस्सल कंपनीचा कंट्रोलर काढला. किंमत ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं आणि खालच्या खणातून दुसरा खोका काढला.

“हा दुसऱ्या कंपनीचा आहे, काकू. बिनवायरचा. चालतो तसाच, पैसे निम्म्याहून कमी.”

मी विचारलं, रोह्याला हा मिळतो का? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, मिळत असेल, तुम्हाला तिकडे पाठवायचाय का? म्हटलं, नाय, तिकडे नसेल असाच हवाय. मग त्याने बटण दाबलं आणि कंट्रोलरच्या कडेने निळे-तांबडे दिवे पळायला लागले. विहिणीच्या कंट्रोलरला दिवे नव्हते, हे मी लेकीकडून आधीच काढून घेतलं होतं. तिथेच सौदा झाला. चार्ज कसा करायचा, मागचं बारीक बटण किती वेळ दाबून धरलं की पेटीशी जोडला जातो, सगळं त्याने दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. माझं लक्ष दिव्यांकडे होतं.

घरी आणून आधी पाटावर ठेवला. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा त्याची पूजा झाली, पंख्याची झाली, ह्यांच्या मोबाईलचीही झाली. मग ह्याने काय पाप केलं होतं? बोटाचा एक टिळा पुरला असता. पण त्याच्या अंगावर दोन गोल मुंड्या वर आलेल्या होत्या, अंगठ्याने फिरवायच्या. त्या पाहून मला भक्ती फारच दाटून आली. दोन्ही मुंड्यांवर चिमूट चिमूट हळद वाहिली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. देवाला सांगितलं, एकदा तरी नातीने तिकडे जाऊन पेणच्या आजीचं नाव काढू दे.

मग सराव. पेटी रोह्याला, टीव्हीवर माझी मालिका, आणि मी सोफ्यावर कशालाच न जोडलेला कंट्रोलर घेऊन अंगठे फिरवतेय. दिवे इकडून तिकडे पळायचे आणि विझायचे. ते पेटीला शोधतायत हे मला काय माहीत. मला वाटायचं, पळाले म्हणजे मी जिंकले. रोज पंचवीस-तीस वेळा जिंकायचे. ह्यांनी एकदा विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, अंगठ्याचा व्यायाम, डॉक्टरांनी सांगितलाय. कुठल्या डॉक्टरांनी, असं विचारण्याइतका त्यांचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. ते पेपरात तोंड घालून बसले.

भाऊबीज झाली आणि नात गेमची पेटी घेऊन आली. चार दिवस राहीन, शनिवारी जाईन, असं सांगतच उंबरा ओलांडला. मी कपाटातून कंट्रोलर काढून तिच्या हातात दिला. दिवे पाहून तिचं तोंड उघडं राहिलं. त्या एका क्षणासाठी मी बासष्ट वर्षं जगले होते असं वाटलं.

तिने तो पेटीशी जोडला. पडद्यावर माझं अस्वल आलं, निळ्या टोपीचं. आलं आणि डावीकडे चालायला लागलं. मी हात लावलेला नव्हता. चालत चालत ते नदीत पडलं. परत आलं, परत डावीकडे, परत नदीत.

“आजी, तू सारखी डावीकडे का जातेस?”

“मी कुठे जाते गो, तेच जातंय.”

नऊ वेळा पडल्यावर नातीने हात खाली ठेवले. रोह्याची आजी पहिल्या दिवशीपण एवढी पडली नव्हती, असं ती म्हणाली. रागाने नाही, नुसती माहिती म्हणून. ते जास्त लागलं. मी दुकानदाराला फसव्या म्हटलं, कंपनीला चोर म्हटलं. तोवर नातीने मला न विचारता रोह्याला फोन लावून स्पीकरवर टाकलाही होता. सगळी हकिगत विहीणबाईंना सांगून झाली. ज्या बाईला हरवायचं म्हणून हा खटाटोप, तिच्याच पुढे.

विहीणबाईंनी शांतपणे विचारलं, “त्याची पूजा केलीत का हो?”

“केली की.”

“हळद कुठे वाहिलीत?”

“मुंडीवर.”

तिकडून जे हसू आलं ते अजून माझ्या कानात आहे. मग दम खाऊन म्हणाल्या, “मी पण तेच केलेलं. माझं अस्वल खालीच बसायचं. लेकाला सांगितलं नाय, तो ओरडला असता. मुंडीच्या फटीत हळद जाते, ती बारीक ब्रशने काढा. फुंकू नका, आणखी आत जाते.”

मी तेव्हा फुंकायच्याच बेतात होते.

माझ्या ब्रशाइतका बारीक ब्रश पेणात कुणाकडे असणार? तीस वर्षं मी गणपतीच्या कारखान्यात आखणी केली, म्हणजे मूर्तीचे डोळे काढले. बुबुळाची कड काढायचा चार केसांचा ब्रश आणला, श्वास रोखला, मुंडी एका बाजूला कलवून फटीतून ब्रश फिरवला. पिवळी धूळ निघत गेली. नात फोन धरून वाकून बघत होती. विहीणबाई तिकडून, निघाली का, निघाली का, करत होत्या. मी उत्तर दिलं नाही. आखणी करताना मी कुणालाच उत्तर देत नसे.

अस्वल आलं आणि जागेवर उभं राहिलं.

मग आम्ही खेळलो. धावणं मला कधीच जमलं नाही, उड्या तर नाहीच. पण त्यात एक तुटका पूल होता. तिथे दोर धरणाऱ्याने मुंडी जराही हलवायची नाही. केसभर हलली की दोर सुटतो. नात म्हणाली, इथे आम्ही नेहमी मरतो, रोह्याच्या आजीचा हात थरथरतो. मी श्वास रोखला, अंगठा टेकवला. देवाच्या डोळ्याची कड काढताना हात जसा ठेवायचा तसा ठेवला. नातीचं अस्वल एकेका फळीवरून पलीकडे गेलं.

ती नाचायलाच लागली. फोन चालूच होता, त्यात तोंड घालून सांगितलं, तुटका पूल पार झाला.

“तुटका?” विहीणबाई म्हणाल्या. पुढे त्यांनी विचारलं, “मग शनिवारी येतेस ना गो?”

“नाय. शाळा उघडेपर्यंत मी इकडेच राहीन.”

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, “बरं. नीट जेव.”

त्या आवाजाची मला सगळी माहिती होती. कुणी चांगली बाई असती तर म्हणाली असती, विहीणबाई, तुम्हीपण या, तुमचा कंट्रोलर घेऊन या, तिघी खेळू. माझ्या जिभेवर आलंही होतं. ज्या बाईने मला नुकतं वाचवलं, तिला एवढं तरी देणं लागत होते.

मी नातीच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, “चार्जिंग संपत आलंय हो. ठेवते.”

फोन पूर्ण भरलेला होता.