माझ्या आईने लावलेला अर्थ

“हे ‘काही ग्रामीण वाचक’ म्हणजे नक्की कोण?”

डॉक्टर काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं. मी त्यांच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर माझ्या लेखाची नऊ पानं धरून उभी होते. चौथ्या पानावर आले होते. अमेरिकेत अर्विंगमधलं त्यांचं घर मोठं, म्हणून महिन्यातून एकदा आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं तिथंच बायबल अभ्यासाला जमायचो.

उत्तर काकूंनी दिलं. “अहो, हिची आईच असणार. ती नाही का, गावात भाकरी मागत फिरायची ती.”

“पण त्यांना तर वाचता येत नाही ना गं?” काका हसले. “मग वाचक कशा?”

सगळे हसले. वाईट हसले नाहीत. घरातलं लहान मूल काहीतरी बोलून गेलं की हसतात, तसे. तेच जास्त लागलं.

काकांनी पानं माझ्या हातातून काढून घेतली, नीट जुळवली, टीपॉयवर ठेवली. “बेटा, ही साक्ष आहे. छान आहे. पण साक्ष वेगळी आणि अर्थ लावणं वेगळं. साक्ष जेवणाआधी दे. आता पुढचं मी सांगतो.”

मी बसले. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. वरती एम.सी.ए. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करणारी. खाली कार्पेटवर बसले.

साक्ष म्हणजे काय ते सांगते. आपल्यावर काय गुदरलं आणि देवानं कसं तारलं, ते उभं राहून सांगायचं. आमच्या प्रत्येक सभेत असते. त्यात वाईट काही नाही. पण त्या घरात तीन वर्षं मी एक बघत होते. बायबलमधल्या वचनाचा अर्थ सांगायचे काका. ते नसले तर पुण्याचे एक मॅनेजर, ज्यांचे आजोबा चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. साक्षीला मात्र मी. “आज तू दे हं, ती भाकरीची,” काकू म्हणायच्या आणि टिश्यूचा डबा आधीच मधोमध आणून ठेवायच्या.

मी द्यायची. माझी आई दारोदार भाकरी मागायची, असं सांगायची. बायका रडायच्या. मला बरं वाटायचं. हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

काका दुष्ट नव्हते. मी नवीन आले तेव्हा मला ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं. हृदयाचे डॉक्टर, निवृत्त झाल्यावर सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, कोर्स केलेले. भिंतभर बायबलवरचे टीकाग्रंथ. फक्त प्रत्येक सभेत एकदा तरी त्यांचे ब्राह्मण पणजोबा यायचे, ज्यांनी वेद सोडून ख्रिस्त घेतला. आमच्या पणजोबांनी काय सोडलं, हे कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी काकांनी ठरवलं, प्रत्येकानं एक उतारा अभ्यासून मांडायचा. चिठ्ठ्या टाकल्या. मला मार्कचा सातवा अध्याय आला. परदेशी बाई येशूकडे येते, माझ्या लेकीला बरं कर म्हणते. तो म्हणतो, मुलांची भाकरी कुत्र्यांना टाकणं बरं नाही. ती म्हणते, टेबलाखालची कुत्रीही मुलांचा चुरा खातात.

दोन महिने दर शनिवारी मी सेमिनरीच्या लायब्ररीत गेले. बाहेरच्यांना बसून वाचू देत. कुणी लिहिलं होतं, येशू तिची परीक्षा घेत होता. कुणी लिहिलं होतं, कुत्री म्हणजे घरातली लाडकी पिल्लं, अपमान नाहीच. मग एका जाड पुस्तकात निराळंच सापडलं. शेतमजूर हा उतारा कसा वाचतात, गुलामांच्या नाती कसा वाचतात. अर्थ लावणारा कुठं उभा राहून बघतो, त्यावरही अर्थ ठरतो, असं त्यात होतं. मी ते पान तीनदा वाचलं. कारण हा उतारा मी लहानपणीच शिकले होते. आईकडून, चुलीपुढं.

कॉलिंग कार्ड घेऊन गावी शेजाऱ्यांकडे फोन लावला. आईला बोलावलं. “आई, ती कुत्र्यांची गोष्ट परत सांग.”

“आगं, ती काय भीक मागत न्हवती,” आई म्हणाली. “ती म्हनली, म्हन मला कुत्रं. पर त्या घरात कुत्र्याचाबी वाटा असतोय का न्हाई? आमी गावाची कामं करायचो, मंग भाकरी गोळा करायचो. तो वाटा व्हता. लोक म्हनायचे, मागाया आल्या.”

“आणि येशू परीक्षा घेत होता म्हणतात, ते?”

“परीक्षा? लेक तिकडं तळमळतीया आन ह्यो परीक्षा घेतोय? असा आसंल तर त्यो आपला न्हाई.” मग म्हणाली, “त्यो चुकला. तिनं बोलून दाखवलं, मंग शिकला. म्हनून आपला.”

मी मार्क परत उघडला. येशू तिच्या विश्वासाची स्तुती करतच नाही तिथं. तू हे बोललीस म्हणून जा, लेक बरी झाली, असं म्हणतो. आई बरोबर होती. भिंतभर ग्रंथांच्या तोडीस तोड बरोबर.

फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, “तितल्या लोकांत माझं नाव घेशील?”

“घेईन की.”

घेतलं नाही. ‘माझी आई’ असं लिहिलं की ही साक्ष झाली म्हणतील, अशी भीती वाटली. म्हणून पुस्तकांतल्यासारखं लिहिलं, ‘काही ग्रामीण वाचक’. आईला मी माझ्या हातानं पुसलं. पानं हातातून गेली ती नंतर.

सभेच्या दुसऱ्या दिवशी आईनं फोनवर विचारलं, “घेतलं का गं नाव?”

“घेतलं. सगळे उठून उभे राहिले.”

जानेवारीत ती गेली. माझ्या व्हिसाची मुदत वाढायची होती, वकील म्हणाला, अमेरिकेबाहेर पडलात तर परत येण्याची खात्री नाही. मी गेले नाही. भावानं मोबाइल कबरीजवळ धरला. इकडं सकाळ होती, मी ऑफिसच्या कपड्यांत गाडीत बसून ऐकत होते. गावचे पाळक म्हणाले, “ह्या बाईला अक्षर येत न्हवतं. पण हिचं नाव घेऊन अमेरिकेत वचनाचा अर्थ सांगितला. सगळी सभा उठून उभी राहिली.”

मग माती पडल्याचा आवाज आला. माझ्या खोट्यासकट तिला पुरलं.

पुढच्या सभेत काका माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला. “आज आईची साक्ष दे, बेटा. सगळ्यांना बळ मिळेल.” काकूंनी टिश्यूचा डबा मधोमध ठेवला.

मी तीच नऊ पानं घेऊन उभी राहिले. “साक्ष देणार नाही, काका. अर्थ सांगणार. मार्कचा सातवा अध्याय उघडा.”

“अगं, तो झाला ना.”

“तुम्ही केलात. मी चौथ्या पानावर होते.”

कुणाचा तरी मुलगा आईला विचारत होता, “इज शी मॅड?” तिनं त्याला गप्प केलं. काकू म्हणाल्या, “अगं, दुःखात आहेस, बस जरा.” मी बसले नाही. ‘काही ग्रामीण वाचक’ खोडून पेनानं लिहिलं होतं, तेच मोठ्यानं वाचलं. “हा अर्थ माझ्या आईचा, शेवंताबाईचा. तिला वाचता येत नव्हतं. ती भाकरी मागत नव्हती, वाटा घेत होती. तीन वर्षं मी इथं, ती मागत होती, असं सांगितलं. ते खोटं होतं. आणि ती म्हणायची, येशू चुकला, त्या बाईनं बोलून दाखवलं, मग शिकला.”

काकांनी बायबल मिटलं. “प्रभू चुकला असं माझ्या घरात म्हणायचं नाही.”

“मग तुमच्या घरात हा उतारा वाचायचा नाही.”

दोघंतिघं उठून किचनमध्ये गेले. पुण्याचे मॅनेजर फोन बघत राहिले. उभं कुणीच राहिलं नाही. मी नऊही पानं वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

आईला सांगितलेलं खोटं आता खरं होणार नाही. ती ऐकायला नाही. पण तिचा अर्थ माझ्याकडे आहे. हे पान जिथं उघडेल, त्या हॉलमध्ये, सेमिनरीत, कुठंही, तिथं आधी तिचं नाव घेईन आणि मग बोलेन. रडवायला कुणी बोलावलं तर जाणार नाही. आणि मधेच कुणी बस म्हणालं, तर बसणार नाही.