मुलगा न्यायला आला

पंजा पालथा करून हवा हळूहळू खाली दाबायची आणि म्हणायचं, "आधी आवाज कमी." आमच्या सेक्रेटरींची ही सवय. समोरचा कितीही तापलेला असो, दोन मिनिटांत खुर्चीवर टेकायचा.

नव्वदच्या सुमारास नाशिकमध्ये आम्ही काहीजण स्वतःच्याच बंगल्यात छोटे वृद्धाश्रम चालवू लागलो होतो. माझा देवळाली कॅम्पात. आमची एक संघटना होती. अध्यक्ष बदलत राहायचे, हार घालून घ्यायचे. कामं सगळी सेक्रेटरींच्या गळ्यात. परवाना अडू दे नाहीतर शेजारी भांडायला येऊ दे, हा गृहस्थ स्कूटरवरून हजर.

एकदा माझ्या शेजाऱ्याने सगळी कॉलनी गोळा केली. "इथं सारखी अँब्युलन्स येते, पोरं घाबरतात, बंद करा हे!" सेक्रेटरी त्याच्याच ओट्यावर बसले. "आवाज कमी. वय काय हो तुमचं? नाही, खिडकीजवळची खाट आत्तापासून राखून ठेवायला सांगतो ताईंना." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारी जो आत गेला तो गेलाच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, हसत हसत दुसऱ्याची हवा काढणारी.

पण त्यांचा एक नियम होता आणि आम्ही सगळ्यांनीच तो उचलला होता. कुणी शेवटाला लागलं की त्याला मागच्या खोलीत हलवायचं, दार लावून घ्यायचं. गेल्यावर मागच्या बाजूनेच न्यायचं. डॉक्टर, दाखला, गाडी, सगळं सेक्रेटरी जातीने बघायचे. इतरांना मात्र सांगायचं, "मुलगा न्यायला आला होता. घरी गेले." ते म्हणायचे, "म्हाताऱ्या जिवांना धसका नको, ताई." मला पटलं. कुणालाही पटलं असतं.

तेव्हापासून फाटकाशी गाडी थांबली की माझी माणसं आपापल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटायचं, रुसलीत बिचारी, दुसऱ्याचं कुणी आलं म्हणून.

येवल्याच्या एक आजी होत्या. जन्म पैठणीच्या मागासाठी रेशमाच्या कांड्या भरण्यात गेलेला. मुलगा सुरतेला एका खोलीत राहायचा. मोठी जागा झाली की नेतो म्हणून सोडून गेला होता. शेजारच्या खाटेवर कुसुमताई. दोघींचं मेतकूट असं, की एकीला भूक नसली तर दुसरी जेवायची नाही. पुढे कुसुमताई मागच्या खोलीत गेल्या आणि तिथंच संपल्या; सेक्रेटरी आणि मी जवळ होतो. मी आजींना ठरलेलं वाक्य सांगितलं. त्यांनी उशीखालून कुसुमताईंचा चष्मा काढून दाखवला. "याच्याबिगर तिला दारबी दिसत नाय. घरी कशी गेली?"

"नवा करतील," मी म्हटलं. बाई गं, काय ते उत्तर!

वर्षभराने आजींचा मुलगा खरंच आला. जागा झाली होती. टॅक्सी घेऊन आला होता. मी आनंदाने हॉलमध्ये धावत ओरडले, "आजी, मुलगा न्यायला आला हो!"

आजींनी खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "नगं! मला नगं नेऊ! मी अजून जित्ती हाय!"

मुलगा पार भांबावला. "आई, मी बाळू गं," म्हणत रडायला लागला. आजींनी डोळे घट्ट मिटून घेतलेले. आणि बाकीचे सगळे भिंतीकडे तोंड करून पडलेले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सेक्रेटरींना फोन केला.

ते आले. पंजा वर उचलला आणि तसाच खाली सोडला. मग हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी गेलेल्यांची नावं सांगितली, एकेक करून. "हे सगळे इथंच वारले. खोटं बोलायला मीच लावलं होतं. या आजींचा मुलगा मात्र खरा आहे."

कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "ठाऊक होतं हो आम्हाला. पण कुणी म्हणाल्याशिवाय रडायचं कसं?"

आणि मग सगळे रडले. इतक्या दिवसांचं, इतक्या माणसांचं एकदम. मीही रडले.

आजींनी मुलाच्या गालावरून हात फिरवला. "थांब रे. कुसुमच्या नावानं अंघोळ करते. कळल्यावर करावी लागती." सेक्रेटरींनी गरम पाण्याच्या बादल्या स्वतः न्हाणीपाशी नेऊन ठेवल्या.

टॅक्सीत बसताना ओल्या केसांनी आजी त्यांच्याकडे वळल्या. "सायेब, तुमी व्हता ना तवा? कुसुमनं मला हाक मारली का?"

मी घाईने "नाही" म्हणणार होते. सेक्रेटरी माझ्या आधी बोलले. "मारली. शेवटपर्यंत मारत होत्या."

"मी भिंतीपल्याडच व्हते," आजी म्हणाल्या. "मंग दार का नाय उघडलं?"

टॅक्सी गेली तरी सेक्रेटरी रस्त्यातच उभे होते.

नियम त्याच आठवड्यात सगळीकडे बंद झाला. माझी कामं ते पुढंही करत राहिले, पण फाटकाबाहेरून. "आत या, चहा टाकते," म्हटलं की स्कूटरवरून न उतरता म्हणायचे, "नको ताई. मला तिथं हाक ऐकू येते."

आता तेही नाहीत. हाक मलाही ऐकू येते हो. पण मला तिथंच राहायचं असतं.