चंद्र दिसायच्या आधीचा घास

त्या दिवसांत देवावर रुसायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, सगळं नीट चाललंय असं वाटत होतं, आणि सहाव्या महिन्यात तपासणीत साखर निघाली. मग बोटाला टोचणं, जेवणाआधी पोटावर इन्शुलिनची सुई, वाटीने मोजलेला भात. हे कुरुळीच्या कंपनीत सेकंड शिफ्टला, त्यामुळे संध्याकाळी घरात मी आणि सासूबाईच. त्या माझ्यासाठी बीडहून मोशीला येऊन राहिल्या होत्या. दिवसभर काही न करताही मी दमलेली असायचे.

मी पहिल्यापासून अंगाने भरलेली. त्यावरून आयुष्यभर टोमणे ऐकले, आणि आता तर सगळ्यांना आयतं कारणच मिळालं. एका नणंदेने फोनवर सांगून टाकलं, "खाण्यावर ताबा नाही म्हणून झालं." मलाही ते खरं वाटायचं. शेवटी न राहवून मी डॉक्टरबाईंनाच विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. अंगावरची चरबी म्हणजे नुसता साठा नसतो, तिच्यातून हार्मोन निघतात आणि रक्तातून सगळीकडे जातात. त्यातलं एक इन्शुलिनच्या कामाला हातभार लावतं, ते माझ्यात कमी पडलं असावं. दुसरी काही वाढली की इन्शुलिनला शरीर दाद देत नाही. त्यात बाळाच्या वारेतली हार्मोन्स भर घालतात. "तुम्ही चोरून पेढे खाल्ले म्हणून हे झालेलं नाही," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. घरी येताना रिक्षात मात्र हसूही आलं. इतकी वर्षं जिला लपवत आले, ती चरबी आत बसून मला न विचारता कारभार करत होती.

डॉक्टरबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. सुई चालू असेपर्यंत उपवास करायचा नाही, आणि जेवणाची सुई घेतली की लगेच जेवायचं. मी मान डोलावली. पण मी गणपतीला बोलले होते. पहिलं मूल गेल्यावर सासरच्या गावी देवळात हात जोडून म्हटलं होतं, पुन्हा कूस उजवलीस तर बाळंत होईपर्यंत दर संकष्टी करीन आणि चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास घेणार नाही. सुई सुरू झाल्यानंतरची पहिली संकष्टी आता आली होती. उपवास मोडला आणि बाळाला काही झालं तर? या भीतीपुढे डॉक्टरबाईंचं बोलणं मागे पडलं. सुईनंतर लगेच जेवावं लागतं, हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, ती गोळीसारखीच असते, कधीही घेतली तरी चालते.

दिवसभर दही आणि थोडं फळ खाऊन काढलं. संध्याकाळी आरती झाली, सासूबाईंनी ताट वाढायला घेतलं. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून मी त्याच्या जरा आधी सुई घेतली आणि गच्चीवर गेले. माझा हिशोब साधा होता. चंद्र दिसला की खाली यायचं, नैवेद्य दाखवायचा, जेवायचं. गावाकडे हा हिशोब कधी चुकला नव्हता. तिथे अंगणात उभं राहिलं की शेताच्या कडेला चंद्र वर येतो. पण आमच्या बिल्डिंगच्या पूर्वेला त्या वर्षी दोन टॉवर उभे राहिले होते, आणि चंद्राला त्यांच्या डोक्यावरून यायचं होतं, हे हिशोबात धरायचं राहूनच गेलं; आधीच्या संकष्ट्यांना सुई नव्हती, त्यामुळे उशीर झाला तरी काही बिघडत नव्हतं.

वेळ होऊन गेली. आकाश मोकळं होतं, तरी चंद्र नाही. मी कठड्याला धरून उभी राहिले. आधी भूक लागली, मग हात कापायला लागले, मग अंगाला दरदरून घाम सुटला. टॉवरचे दिवे एकमेकांत मिसळायला लागले. खाली जावं हे कळत होतं, पण पाय उचलेना. मी पोटावर हात ठेवला. बाळ हलतंय की माझाच हात थरथरतोय, समजेना. त्या क्षणी मला स्तोत्र आठवलं नाही की आरती. एवढंच म्हणाले, "देवा, मला आता काही जमत नाही. तू बघ."

जिन्यात पावलं वाजली. खालच्या मजल्यावर गॅरेजवाल्याचं नवीन कुटुंब आलं होतं, त्यातली बाई होती. रमजानचे दिवस होते. वरच्या मजल्यावरच्या जावेला द्यायला ती खजुराची ताटली घेऊन निघाली होती, आणि वाळत घातलेले कपडे आठवले म्हणून आधी गच्चीवर आली. चाकणकडची, आमची नुसती तोंडओळख. माझ्याकडे बघून तिने ताटली तिथेच ठेवली आणि मला धरून बसवलं.

"सुई घेती का तू?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"आन् जेवली न्हाईस. माज्या आईचं असंच व्हायचं. हे खा."

"उपास आहे. चंद्र..."

"आगं, आमच्यात पोटुशीला रोजाची सूट हाय. तुमचा देव काय कमी मायाळू हाय व्हय?" असं म्हणत तिने खजूर फोडून बी काढली आणि माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला. मग दुसरा. मग ती जिन्यातून ओरडली, "आजी, साखरपाणी आणा! जेवायचं बी आणा!"

सासूबाईंचे गुडघे इतके दुखायचे की त्या कधी जिना चढत नसत. त्या रात्री चढल्या. हातात साखरपाण्याचा तांब्या आणि नैवेद्याचं ताट, दूर्वा तशाच वर ठेवलेल्या. पाणी पाजलं आणि भात कालवून माझ्या तोंडासमोर धरला.

"आई, नैवेद्य दाखवायचा राहिलाय," मी म्हणाले.

"देव थांबतो, माय," त्या म्हणाल्या. "लेकरू नाही थांबत."

हळूहळू घाम उतरला. पोटात बाळाने लाथ मारली. मी सासूबाईंचा हात तिथे ठेवला. त्यांनी दुसऱ्या हाताने त्या शेजारणीचा हात ओढून घेतला आणि तोही ठेवला.

नंतर डॉक्टरबाई रागावल्या, आणि बरोबरच रागावल्या. पुढच्या संकष्ट्या सासूबाईंनी माझ्या वतीने केल्या. मुलगी झाली, सुखरूप. ती बाई नेमकी तेव्हा कशी वर आली, याचा कीस मी काढत नाही. कपडे वाळले होते, म्हणून आली. मी मात्र तिला मनातून रोज हात जोडते. इतके महिने मी देवाला अट घालत होते आणि त्या अटीलाच भक्ती म्हणत होते. खरा नमस्कार माझ्याकडून त्या रात्री घडला, तोही हातपाय गळाल्यावर.

लोक विचारतात, मग चंद्र दिसला का? त्या रात्री तो केव्हा वर आला, मला माहीत नाही. मी जेवत होते.