घोंगड्यांची खोली

भिंतींशी वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मला त्यांचा मान राखावा लागे, पण ते कुणाच्या घरात शिरले की ते काम अवघड होऊन बसे. चपला काढायच्या, पाणी नको म्हणायचं, खोलीच्या बरोबर मधोमध उभं राहायचं आणि फाडकन टाळी वाजवायची. मग मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "बोलती ही खोली," म्हणजे नापास. "आवाज पिती," म्हणजे पास. साताऱ्यात आमच्या हेडक्लार्कांचे वडील गेले तेव्हा भेटायला जाताना मी साडूंना बरोबर नेण्याची चूक केली. रडारड चालू असतानाच टाळी वाजली. सगळे एकदम गप्प झाले, आणि साडू गंभीरपणे म्हणाले, "मातीच्या भिंती हाईत, लय चांगल्या. पाडू नका." पुढे वर्षभर हेडक्लार्कांनी माझ्याकडे धड पाहिलं नाही.

हे वैर त्यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. माण तालुक्यातलं गाव, वीस-बावीस वर्षं फौजेत, आणि तिथलं काम जवानांना सिनेमा दाखवण्याचं. डोंगरातल्या कुठल्या कुठल्या चौक्यांवर प्रोजेक्टर चढवून यांनी पडदे लावले. इकडे अक्का, म्हणजे माझी मेहुणी, गावात सासू-सासऱ्यांची आजारपणं काढत होत्या. जत्रेतल्या तंबूत वर्षाला एक सिनेमा पाहायचा आणि तोच वर्षभर माझ्या बायकोला गाण्यांसकट सांगायचा, एवढीच त्यांची चैन. साडू प्रत्येक पत्रात लिहायचे, पेन्शन झाली की तुला घरात सिनेमा दाखवीन. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते परतले, सांगलीत विश्रामबागेला जागा घेतली आणि घर बांधलं ते भिंतींसकट सगळं काँक्रीटचं. "विटंवर माजा इस्वास न्हाई, पाव्हणं. बंकर बगितल्यात मी." त्यात सिनेमाची खोली अठरा बाय बारा. पण घर पुरं होईतो काचबिंदूनं अक्कांचे दोन्ही डोळे नेले. गेलेली नजर परत येणार नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आता हे प्रोजेक्टर विकणार, असं आम्हाला वाटलं. साडू म्हणाले, "डोळं गेलं, कान हाईत की. ऐकंल ती."

कोल्हापूरहून एसटीनं रिळांचे डबे आले. पडद्यावर नायिका "नाथ" म्हणाली, आणि चारी भिंतींनी ते एकमेकींना ऐकवलं. नायकाचं उत्तर त्याच गलक्यात बुडून गेलं. अक्का बराच वेळ कान देऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आवं, ह्येला बायका किती हाईत?" आम्ही हसलो. साडू हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून लढाई सुरू झाली. आधी त्यांनी गुळाच्या ढेपांचं गोणपाट आणून भिंतींना टांगलं. चार दिवसांत सगळ्या विश्रामबागेतल्या मुंग्या सिनेमाला आल्या. मग उसाच्या चिपाडांचे तट्टे लावले, त्यांत उंदरांनी संसार मांडला. शेवटी जतला जाऊन त्यांनी एका म्हाताऱ्या धनगराकडे चाळीस घोंगडी मागितली. "घरात मानसं किती?" त्यानं विचारलं. "दोन," हे म्हणाले. धनगर यांना खालीवर न्याहाळत म्हणाला, "लय थंडी वाजती वाटतं." काँक्रीटमध्ये खिळा जाईना, म्हणून आम्ही छिन्नीनं भोकं पाडून लाकडी गुट्ट्या ठोकल्या, त्यांवर पट्ट्या मारल्या आणि घोंगडी भिंतीपासून वीतभर पुढे टांगली. माझी तीन बोटं सुजली. खोलीत मेंढरांचा वास कोंडला. पण साडूंनी टाळी वाजवली ती हातातल्या हातात विझली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवशी सिनेमातला शब्द न् शब्द कळला. अक्का योग्य तिथे हसल्या, योग्य तिथे रडल्या. संपल्यावर उठल्या आणि जागीच थबकून म्हणाल्या, "जरा हात द्या." एरवी त्या घरभर एकट्या फिरायच्या, बांगड्या वाजवत, भिंत आली की बरोबर वळायच्या. साडू मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "पिक्चर असा लागला तिला, की पाय लटपटलं!"

तीन महिन्यांनी, भरदुपारी, साडू रिळं आणायला एसटीच्या थांब्यावर गेले असताना अक्का ती खोली झाडायला गेल्या, तिथल्या तिथे दिशा हरवून बसल्या आणि प्रोजेक्टरच्या लोखंडी स्टँडवर आदळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी साताऱ्याहून धावत गेलो. साडू औषधं आणायला बाहेर पडले तशा अक्का म्हणाल्या, "दाजी, मला भिंत ऐकू येती. बांगड्या वाजल्या की कळतं, म्होरं भिंत हाय का दार. त्या खोलीत कायच कळंना. माळावर सोडल्यावानी व्हायचं. पयल्या दिवशीच कळलं हुतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"चाळीस घोंगडी टांगली त्यांनी. एवढं हरखल्यालं मानूस, कसं सांगू? तुमीबी सांगू नगा."

मी सांगितलं नाही. पण साडू गप्प बसणारे नव्हते. रोज वावरलेल्या घरात ही पडली कशी, हे त्यांना उमगेना. एका सकाळी त्यांनी डोळ्यांना टॉवेल बांधला आणि टाळ्या वाजवत घरातल्या बोळातून चालू लागले. भिंत जवळ आली की टाळीचा आवाज बदलायचा आणि ते थांबायचे. मग तसेच त्या खोलीत शिरले, दोन टाळ्या वाजवल्या आणि प्रोजेक्टरच्या स्टँडवर जाऊन आपटले. कपाळातून रक्त येत होतं. ते पुसलंही नाही. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस घोंगडी त्यांनी एकट्यानं ओरबाडून काढली.

अक्कांची खाट मग त्या उघड्या खोलीतच टाकली. साडू आवाज बंद करून सिनेमा लावायचे आणि त्यांच्या कानाशी बसून सांगायचे, "आता हिरो टेकडीवरनं उतारतुया. एकलाच हाय. हत्यार न्हाई." बाई रडते हे सांगताना ते हटकून "रिपोर्ट चांगला न्हाई" म्हणायचे. अक्का हसायच्या, मग हसताना दुखायचं. मोडलेलं हाड काही सांधलं नाही, दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

तेरावं उरकून पाहुणे पांगले आणि आम्ही दोघेच त्या खोलीत बसलो. साडू म्हणाले, "भिंतींला इचारून चालत हुती ती, पाव्हणं. आन मी त्यांची तोंडं बांदली." मग विचारलं, "मला उशिरा कळलं. पर तिला आदी कळलं हुतं का? कळून गप बसली हुती का ती?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांनाही पडल्यावरच कळलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मग ठीक हाय," म्हणाले, आणि चहा टाकायला उठले. पुढे ते पुष्कळ वर्षं जगले, आम्ही शेकडो वेळा भेटलो, पण हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.